जॅझच्या मैफलीत आपला षड्ज

काचीगुड्याच्या एका जुन्या वाड्यात गेली नऊ वर्षे मी आठवड्यातून दोनदा शिकवणीसाठी जातो. थोरल्या नातीची विशारदची परीक्षा झाली, आणि तेव्हापासून शिकवणीला घरगुती मैफलीचे रूप आले आहे. आजी झोपाळ्यावर, वडील कचेरीतून लवकर येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर, आणि मधूनमधून चहा घेऊन येणारी आई, एवढा श्रोतृवर्ग ठरलेला. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी तानपुरे जुळले, भीमपलास सुरू करायचा, तोच आजींनी पायाने झोपाळा थांबवला आणि म्हणाल्या, "गुरुजी, आज गाणं नक्को. आधी हिला चार शब्द सांगा."

सांगायचे होते ते असे की, मुलीने जॅझ गाण्याचे शिक्षण घ्यायचे ठरवले होते. परदेशी एका विद्यालयाकडे अर्जही गेला होता. नऊ वर्षे पहाटे उठून खर्ज भरला तो काय हॉटेलात गाण्यासाठी, असा आजींचा सवाल होता. वडिलांचा प्रश्न अधिक व्यवहारी होता. "गुरुजी, गळा बिघडेल का?" एवढेच त्यांनी विचारले.

मी क्षणाचाही विलंब न लावता "बिघडेल" म्हणालो. गुरूच्या जागी बसलेल्या माणसाला काही उत्तरे तोंडपाठ असतात, त्यांतले हे एक. मुलगी वाद घालणाऱ्यांतली नव्हे. तिने तानपुऱ्याच्या तारेवरचे बोट न थांबवता विचारले, "सर, तुम्ही जॅझ ऐकलाय?" लग्नाच्या वरातीतला बँड आणि जुन्या हिंदी चित्रपटांतली क्लबातली गाणी वगळता मी काही ऐकलेले नव्हते. तसे मी कबूल केले. त्या रात्री माझ्या फोनवर तिने दोन गाणी पाठविली. दोन्ही मिळून सात मिनिटांचा ऐवज. गाणारी बाई मुंबईची, नाव आशा पुथली, साल १९७१. या सात मिनिटांपायी माझा एक पंधरवडा गेला. त्याचा हा वृत्तान्त आहे.

आशाबाईंचा जन्म १९४५ सालचा, मुंबईचा. लहानपणी त्यांचे शिक्षण दोन बाजूंनी झाले. एकीकडे हिंदुस्थानी संगीत, दुसरीकडे पाश्चात्त्य पद्धतीने आवाजाची मेहनत. त्यांचे गुरू पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले. कुंवरश्याम परंपरेतले हे गवई मुंबईत राहून शिकवीत, आणि उत्तम बंदिशी बांधणारे म्हणून त्यांचे नाव जाणकारांत आजही घेतले जाते. म्हणजे आशाबाईंचे 'शास्त्रीय' शिक्षण हे, हल्ली कित्येकांच्या परिचयपत्रात चार ओळींपुरते असते तसे नव्हते. ज्याच्या घरी बंदिशीचा मुखडा शंभर वेळा घासून घेतला जातो अशा माणसाकडे त्या बसल्या होत्या.

त्या काळच्या मुंबईत जॅझ ही परकी वस्तू मात्र राहिली नव्हती. १९३५ साली लिऑन ॲबी या निग्रो वादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, आणि त्यांच्या पंक्तीला बसून गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. ही गोव्याची मंडळी रात्री हॉटेलात वाजवीत आणि दिवसा चित्रपटाच्या स्टुडिओत. अंतोन वाझ, ज्यांना सारी मुंबई चिक चॉकलेट म्हणे, ते आपल्या सी. रामचंद्रांचे सहायक होते. 'अलबेला' हा १९५१ चा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना पडद्यावरचा त्यांचा तो ट्रंपेट आठवत असेल. आता गंमत पाहा. रामचंद्र चितळकर हे नगर जिल्ह्यातले, विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली गांधर्व महाविद्यालयात शिकलेले. ग्वाल्हेरची तालीम आणि न्यू ऑर्लिअन्सची लय यांची गाठ आमच्या घरांत पडली ती त्यांच्याच गाण्यांतून. आमच्या आजी आजही 'अलबेला'तली गाणी गुणगुणतात. तो जॅझ होता असे सांगितले तर झोपाळ्यावरून उठून जातील.

पण चित्रपटातला जॅझ हा फोडणीपुरता असतो. आशाबाईंना भात त्याचाच करायचा होता. मुंबईतल्या हॉटेलांत तिसऱ्या प्रहरी चहापानाबरोबर नाचगाणी होत. तिथल्या ताफ्यांबरोबर त्या तरुणपणीच गाऊ लागल्या. शिक्षण संपल्यावर काही काळ ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी केली. नृत्यासाठी मार्था ग्रॅहॅम यांच्या न्यूयॉर्कच्या संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली, आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस त्या अमेरिकेत गेल्या. दृष्टिहीन लेखक वेद मेहता यांनी १९७० सालच्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या ग्रंथात मुंबईतल्या जॅझविषयी लिहिताना या मुलीची हकीकत दिली आहे. न्यूयॉर्कात जॉन हॅमंड यांचे लक्ष तिच्याकडे गेले. हॅमंड म्हणजे त्या देशातला पक्का रत्नपारखी. १९३३ साली बिली हॉलिडेचे पहिले ध्वनिमुद्रण यांनी करवून घेतले, आणि पुढे बॉब डिलनलाही यांनीच पुढे आणले. अशा माणसाने आपल्याकडची ख्याल शिकलेली मुलगी ऐकली आणि ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवादकाकडे तिला पोहोचविले.

इथे थोडे थांबून एक अडचण समजावून घेतली पाहिजे. आपला गायक जॅझमध्ये का शिरत नाही, शिरला तर का अडखळतो, याचे कारण आवाजात नाही; ते षड्जात आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. आपल्या पट्टीतला शुद्ध गंधार तोंडाने लावून धरायचा आणि हलू द्यायचा नाही. आता पेटीवर सा-ग-प हे तीन स्वर एकदम दाबायचे. गंधार घरात बसल्यासारखा वाटेल. मग हात उचलून ध-सा-ग दाबायचे. गळ्यातला स्वर तोच, पण तो आता धैवताचा पंचम झाला. एकाएकी उदास वाटू लागतो. त्यानंतर म-ध-सा दाबा. तोच गंधार आता मध्यमाचा निषाद झाला आणि पायाखालची फळी हलल्यासारखा टांगणीला लागला. स्वर एक, अर्थ तीन. आपण मूर्च्छनेने क्षणभर षड्ज हलवतो आणि मैफलीत 'वाहवा' घेतो. रामकोटीच्या त्यागराज महाविद्यालयातली मंडळी त्यालाच ग्रहभेद म्हणतील. जॅझच्या रूढ गाण्यात हा खेळ दर मापाला, कधी दर दोन मात्रांना चालू असतो, आणि गायकाने त्या सरकत्या जमिनीवर उपज करायची असते. जुनी अमेरिकन गाणी बहुतेक बत्तीस मापांची; आठआठ मापांचे चार तुकडे, त्यांतला तिसरा वेगळ्या चालीचा. ब्लूज म्हटला की बारा मापे. ही आवर्तनेच आहेत. चालता चालता समेवर यायचे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपल्या आवर्तनात खालचा षड्ज हलत नाही, त्यांच्या आवर्तनात तो कुठे केव्हा असेल हे आधी पाठ हवे.

तानपुऱ्यात वाढलेल्या कानाला ही शिक्षा आहे. मी स्वतः चार रात्री दार लावून पेटीशी झटलो. गंधार धरून ठेवणे जमले. पण तिथून रिषभावर यायचे म्हटले की खालचे तीन स्वर बदलत, आणि माझा रिषभ पोरका होई. शिवाय पेटीचा गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा, ही जुनी तक्रार आहेच. याच पेटीला आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ दाराबाहेर ठेवले होते. एका पेटीवरून आमच्यात इतके रण माजले, तर तीन तीन स्वर एकदम वाजवणारा पियानो आम्हाला कसा पचावा!

उलट, काही जागा अशा सापडल्या की अगदी शेजारघरच्या वाटाव्या. ब्लूजचा गंधार घ्या. कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध तो रेंगाळतो, पियानोच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत राहतो. पियानोवाला दोन्ही पट्ट्या एकदम दाबून त्याची नक्कल करतो, गायक मात्र मींडेने सरळ तिथे पोहोचतो. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गंधार असतात. जोग ऐकलेल्या माणसाला ब्लूज परका वाटू नये. तसेच एला फिट्झेराल्डसारख्या गायिका शब्द टाकून निरर्थक अक्षरांवर जी फेक करतात ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तराण्याची आठवण झाली, आणि जरा ओशाळल्यासारखेही झाले. ज्या मुलीला मी 'बिघडेल' म्हणालो होतो तिला हे आधीपासून ठाऊक असणार.

आता ऑर्नेट कोलमनकडे वळतो. हा टेक्सासचा, १९३० सालचा जन्म. पांढरा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या ठिकाणी वाजवू लागला तेव्हा निम्मी जाणकार मंडळी डोक्यावर घ्यायला धावली आणि निम्मी बेसूर म्हणून निघून गेली. त्याचे बंड थोडक्यात असे की, मी त्या ठरलेल्या स्वरगुच्छांच्या रांगेला बांधून घेणार नाही. चाल जिकडे नेईल तिकडे जाईन, आणि साथीदारांनी कानाने माझ्याबरोबर यावे. सुरेलपणही तो पियानोच्या पट्टीने मोजीत नसे. स्वर कधी थोडा चढा, कधी उतरता, जसा भाव तसा. श्रुतींवर वाद घालणाऱ्या आपल्या पूर्वसूरींना हा माणूस एखादे वेळी पटकन कळला असता.

म्हणजे वर जी सरकती जमीन म्हटली ती ज्याने जॅझमधून काढूनच टाकली, नेमक्या त्याच माणसाकडे लक्ष्मणप्रसादांची शिष्या जाऊन उभी राहिली. दुसऱ्या कुणाकडे गेली असती तर तिला आधी आपले शिकलेले विसरावे लागले असते. याला योग म्हणायचा की हॅमंडची पारख, ते ज्याने त्याने ठरवावे. सप्टेंबर १९७१ मध्ये कोलंबिया कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत 'सायन्स फिक्शन' ही तबकडी मुद्रित झाली, पुढच्या वर्षी बाजारात आली. तिच्यात आशाबाईंची दोन गाणी. तबकडीचा आरंभच त्यांच्या आवाजाने होतो.

मी ते पहिले गाणे प्रथम फोनवर ऐकले आणि बंद केले. गोंधळ वाटला. दुसऱ्या दिवशी चांगल्या ध्वनिवर्धकावर, दिवे मालवून ऐकले. मागे दोन दोन ढोलवादक, एड ब्लॅकवेल आणि बिली हिगिन्स, जणू दोघांनी एकदम द्रुताचा लगगीचा अंग धरला आहे. चार्ली हेडनचा मोठा बास खाली घुमतो आहे. आणि या धामधुमीच्या वर आवाज, सॅक्सोफोन व ट्रंपेट एका संथ चालीवर हातात हात घालून निघाले आहेत. ढोलांची घाई त्यांच्या कानांवर जातच नाही असे वाटते. तबलजी द्रुतात गेला तरी गवयाने विलंबित सोडू नये, तसा प्रकार. चाल बांधलेली आहे, लिहिलेली आहे. त्यात आलाप नाही, तानबाजी नाही, सरगम नाही. 'भारतीय गायिका घेतली आहे, तर दोन मुरक्या टाका बाई' असे तिथे कुणी म्हटलेले दिसत नाही, हे मला फार मोठे वाटले. आपल्याकडच्या कित्येक मिश्र मैफलींत ड्रम आणि गिटार वाजत असतात, आणि मधेच गवई एक लांबलचक तान घेऊन टाळ्या वसूल करतो. ते गाणे आणि ती तान यांची भेट झालेली नसते. नुसती एकाच मंचावर गर्दी.

मग तालीम कुठे दिसते? मला ती दिसली स्वर सोडण्यात. ओळीचा शेवटचा स्वर आशाबाई टाकून देत नाहीत. आस ठेवून, दमसासाने, हळूच खाली ठेवतात. दोन बाजूंना पितळेची वाद्ये जराशी चढी-उतरती वाजत असताना त्या मध्ये उभ्या राहतात, आणि त्यांचा स्वर ना त्यांना चिकटतो ना हटतो. ज्याला पहाटेच्या खर्जाची सवय आहे त्यालाच हे धैर्य. मात्रेला बांधलेले नसताना ओळ नेमकी कुठे उतरवायची, हा अंदाजही बडा ख्याल घोळलेल्या गळ्याचा वाटला. वाचकांपैकी कुणी म्हणेल की गुरुजींना आपल्याच घरचे दागिने सगळीकडे दिसतात. तशी शक्यता आहे. पण त्या तबकडीनंतर 'डाउनबीट' या अमेरिकन नियतकालिकाच्या समीक्षकांनी नव्या गायिकांत त्यांचे नाव घेतले, आणि त्या मंडळींना कुंवरश्याम परंपरा ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

इथवर लिहून लेख संपवता आला असता, आणि काचीगुड्याच्या वाड्यात जाऊन मी मोठ्या तोऱ्यात 'पाठवा मुलीला' म्हटले असते. पण पुढची हकीकत तशी नाही.

त्या सात मिनिटांनंतर आशाबाईंच्या नावावर जॅझची मोठी मालिका उभी राहिली नाही. त्याच सुमारास पीटर आयव्हर्स यांच्या ब्लूज ताफ्याबरोबर त्यांनी एक गाणे केले. 'सॅव्हेजेस' या १९७२ च्या, इस्माइल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांच्या चित्रपटात भूमिका केली. १९७३ मध्ये त्यांची स्वतंत्र तबकडी निघाली ती सीबीएस कंपनीच्या युरोपातल्या शाखेकडून, आणि तिच्यात लोकप्रिय वळणाची गाणी होती. १९७६ सालच्या 'द डेव्हिल इज लूज' या तबकडीतले 'स्पेस टॉक' नृत्यगृहांत गाजले, आणि वीस वर्षांनी त्याचेच तुकडे कापून निग्रो तरुणांच्या रॅप संगीतात वापरले गेले. पैसा, नाव, देशोदेशीचे कार्यक्रम, सारे झाले. पण हॅमंडने ज्या दाराशी नेऊन उभे केले होते ते दार सात मिनिटे उघडून मिटले. याचा दोष कुणाला द्यावा? कंपन्यांना विकायला रूप आणि नाच हवा होता, आणि कोलमनच्या वाटेने जाणाऱ्या संगीताला त्या देशातही गिऱ्हाईक थोडे. रूढ जॅझ गाणारीला पुन्हा ती सरकती जमीन आहेच. तिच्यावर लहानपणापासून चाललेल्या शेकडो गायिका तिथे घरच्याच. मला वाटते, आपल्या गळ्याला मान देणारी जागा जॅझमध्ये आहे, पण ती फार अरुंद आहे, आणि तिथे चूल पेटती ठेवणे कठीण. २००६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आशाबाईंचा कार्यक्रम झाला तेव्हा त्या जुन्या तबकडीतला सॅक्सोफोनवादक ड्युई रेडमन त्यांच्याबरोबर वाजवायला आला होता. पस्तीस वर्षांनी. त्याच सप्टेंबरात रेडमन वारला. हे वाचले तेव्हा मला त्या सात मिनिटांची किंमत थोडी कळली; वाजवणारा ती विसरला नव्हता.

हे सगळे वाचता-ऐकताना दुसरे एक नाव पुन्हा पुन्हा आठवत राहिले, आणि ते मराठी घरांना सांगावे लागणार नाही. शोभा गुर्टू. १९२५ साली बेळगावात जन्म, आई मेनकाबाई शिरोडकर अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, स्वतः शोभाताई भूर्जीखाँकडे शिकलेल्या, आणि ठुमरी घम्मनखाँकडे. त्यांचा मुलगा त्रिलोक जॅझच्या जगात तालवादक म्हणून गेला. 'सायन्स फिक्शन'च्या काही गाण्यांत ट्रंपेट वाजवणारा डॉन चेरी याच्याबरोबर त्याने सत्तरीच्या दशकात वाजवले. पुढे 'ऑरेगॉन' या चमूत आणि जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर त्याने जगभर नाव कमावले. १९८८ साली त्याची 'उस्फ्रेत' ही तबकडी निघाली. तिच्यात डॉन चेरी आहे, गिटारवर राल्फ टाउनर आहे, आणि गायला साठी ओलांडलेल्या मातोश्री आहेत. एका गाण्याचे नावच मुलाने 'शोभारॉक' ठेवले.

शोभाताई तिथे जशा मुंबईच्या मैफलीत गात तशाच गातात. तीच पुकार, तोच आवाजाला पडणारा खरखरीत मखमली पीळ. त्यांनी पियानोचे काही शिकून घेतल्याचे जाणवत नाही; मुलाने आणि त्याच्या मित्रांनी त्यांच्या षड्जाभोवती आपली वाद्ये रचून घेतली. जमीन सरकते ती त्यांच्या आजूबाजूला. आईसाठी मुलगा जे करील ते एखादी कंपनी परक्या मुलीसाठी कशाला करील, असेही मनात आले. याच दशकात बंगळूरच्या आर. ए. रमामणी यांनी चार्ली मारियानो या सॅक्सोफोनवादकाबरोबर 'ज्योती' ही तबकडी केली, १९८३ साली. तिथेही कर्नाटक गायकी आपला षड्ज घट्ट धरून आहे आणि सॅक्सोफोन तिच्याकडे चालत आला आहे. पंडित जसराजांचे उदाहरणही आपल्या हैदराबादला जवळचे. त्यांचे वडील पंडित मोतीराम १९३४ साली इथेच वारले, आणि अंबरपेठेतली त्यांची समाधी संगीतप्रेमींना ठाऊक आहे. जसराज पुढे अमेरिकेत अनेकांना शिकवीत राहिले, २०२० मध्ये तिथेच निवर्तले. पण ते तानपुरे बरोबर घेऊन गेले. तानपुरा घरी ठेवून जाण्याचा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. आमच्या मुलीला पडला आहे, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते.

पंधरवड्यानंतर मी वाड्यात गेलो तेव्हा वडील आधीच येऊन बसले होते. मी म्हणालो, "गेल्या खेपेला मी चुकीचं सांगितलं. गळा बिघडत नाही. मला ऐकल्यावाचून बोलायचा अधिकार नव्हता." मग आशाबाईंची हकीकत सांगितली, दोन्ही बाजू, सात मिनिटे आणि नंतरची वर्षे. वडिलांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे पोट भरेल की नाही?" ते मला सांगता येणार नाही, असे मी म्हणालो. इतका वेळ गप्प असलेल्या आजी मध्येच म्हणाल्या, "ख्याल गाऊन तरी कुणाचं भरलंय? तुमचंच बघा, इतक्या शिकवण्या कराव्या लागतात." यावर काय बोलणार!

मुलीने तोवर पेटी ओढून घेतली होती. तिने विचारले, "सर, मी खालचे बदलत जाते. तुम्ही गंधारावरून निघून षड्जावर या. घाई करू नका." मी दार लावून केलेल्या सरावाबद्दल काही बोललो नाही. डोळे मिटून गंधार लावला. पहिले तीन स्वर ठीक गेले, दुसरे तीन गेले, तिसऱ्यावर मी रिषभाला हात घातला आणि सरळ खड्ड्यात पडलो. आजी पदर तोंडाला लावून हसल्या. "गुरुजींचा सूर गेला की हो!"

मुलीने मान हलवली. मग पेटी चालू ठेवून तीच माझ्या जागेवरून गंधारावरून निघाली. पहिल्या बदलाला थांबली. दुसऱ्याला तिने रिषभ न घेता गंधारालाच किंचित झोका दिला, भीमपलासात निषादाला देतो तसा, आणि खालचे स्वर बदलले त्याच क्षणी रिषभावर उतरली. तो झोका मी शिकवलेला होता. तो इथे कामाला येतो हे मी शिकवलेले नव्हते. षड्जावर आली तेव्हा खाली पेटीवर भलतेच काही वाजत होते आणि तरी तो षड्ज वाटला.

"पुन्हा एकदा," मी म्हणालो, "आणि जरा सावकाश." वडिलांनी चहा मागविला. भीमपलास त्या दिवशीही झाला नाही.